सही करूचंय नाय

वरून पडलेला गिलाव्याचा ढेपा शेटने उचलला आणि माझ्या पदरात टाकला.

"घे गो. तुझ्या हातचो प्रसाद."

शेटनेच बांधलेल्या मालवणातल्या त्या बिल्डिंगच्या खाली, गाड्या लावायच्या जागेत, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. खुर्च्यांवर फ्लॅटवाले. मी उभी. दोघं-तिघं हसले. बाकीच्यांनी मोबाईलमध्ये डोकं घातलं. ढेपा जड होता. पदर खांद्यावरून सुटायला लागला म्हणून मी दोन्ही हातांनी तो धरला. त्यामुळे मी खरंच प्रसाद घेतल्यासारखी दिसले असेन.

नवीन काम असेल म्हणून मी गेले होते. फोनवर शेट एवढंच म्हणाला होता, "जरा येवन जा." मी ठेवणीतली साडी नेसले आणि कसालहून एसटी पकडली.

तिथे गेल्यावर कळलं. जिन्याच्या छताचा गिलावा सुटून एका बाईंच्या खांद्यावर पडला होता. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून त्या पुढच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. मला वाईट वाटलं. मी त्यांच्याकडे जायला निघाले तर शेटने हात आडवा घातला. वाट चुकलेल्या गुराला घालतात तसा.

माझ्याशी तो मालवणीत बोलत होता. फ्लॅटवाल्यांकडे तोंड वळलं की पुस्तकातली मराठी.

"गिलाव्याचं सगळं काम या बाईच्या टोळीनं केलं आहे. बौद्धवाडीतली आहे. नवरा जायबंदी, म्हणून दया आली, काम दिलं. पण रक्तात असतं ते जात नाही. आता हिच्याकडून मी वसूल करतो आणि मग तुमची दुरुस्ती. थोडा धीर धरा."

माझ्या तोंडात जीभ नव्हती असं नाही. पण तिथे मला कोणी काही विचारलंच नव्हतं. विचारायला मला बोलावलंच नव्हतं. मला दाखवायला बोलावलं होतं.

दया. हा शब्द एसटीत सगळ्या वाटेत माझ्या कानात वाजत राहिला.

माझा नवरा गिलाव्याची ठेकेदारी करायचा. एका कामावर परांचीवरून पडला आणि कंबरेतून गेला. टोळी मोडायला आली. मी आधी त्याच टोळीत माल कालवायचे. मग मी थापी धरली, टोळी उभी ठेवली. या शेटचं काम मिळालं ते त्याच्या भावात दुसऱ्या कोणाला परवडेना म्हणून. दया कसली? त्याला स्वस्त पडत होतं.

तो गिलावा का सुटला, मला आजही सांगता येणार नाही. सिमेंट त्याचं, रेती त्याची. पाणी मारायला ठेवलेला माणूस त्याचा. हात आमचे. आमच्या हातांचं चुकलं असेल, नसेल. कोणी तपासलं नाही. काम झालं तेव्हा शेट स्वतः जिना चढून वर गेला होता, खाली येऊन "बरा झाला" म्हणाला होता. मग फ्लॅट खपेनात म्हणून ती बिल्डिंग नुसतीच पडून राहिली. समुद्राचा खारा वारा खात. लोक राहायला आले त्याच्या कितीतरी आधी आम्ही तिथून निघालो होतो. एवढ्या वर्षांत त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही. उलट दुसऱ्या दोन कामांना बोलावलं.

काही दिवसांनी त्याचा सुपरवायझर आमच्या घरी आला. स्टॅम्पपेपर घेऊन. त्यावर टाईप केलेलं होतं की गिलावा माझ्या निष्काळजीपणामुळे पडला, मला तो दोष मान्य आहे, आणि सगळी दुरुस्ती आणि नुकसानभरपाई मी देईन.

"सही केलस तर शेट सांभाळून घेतले. नाय केलस तर केस घालतले. घरावर जप्ती येतली," तो म्हणाला.

नवरा खाटेवरून म्हणाला, "कर गो सही. आपण तेंका पुरे पडणार आसव?"

तो घाबरला होता. मीही घाबरले होते. हे घर त्याच्या धडधाकट कंबरेने बांधलं होतं. मी पेन हातात घेतलं.

आणि मला आजोबांची गोष्ट आठवली. आईचे वडील. मी त्यांच्याच घरी वाढले. त्यांच्यावर गावात नारळ चोरल्याचा आळ आला होता. आजी त्यांना म्हणाली होती, "कबूल करून टाका, सुटतलात." त्यांनी कबूल केलं. देवळासमोर नाक घासलं. सुटले का? मी शाळेत जायला लागले तेव्हा आजोबा जाऊन किती पावसाळे झाले होते. तरी कोणाच्या पडवीतली दोरी हरवली की मला हटकायचे, "नारळचोराची नात मां तू?" नारळ कोणी काढले ते कधी कळलंच नाही. त्यांनी कबूल केलं म्हणून तो आळ जिवंत राहिला. त्यांच्यानंतर माझ्या आईवर आणि मग माझ्यावर.

मी पेन खाली ठेवलं.

"कागद ठेव. मी बघतंय."

सुपरवायझर हसला. "तू काय बघतलंस?"

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी कुडाळला एका वकीलबाईंकडे गेले. माझ्या लेकीच्या वयाच्या असतील. त्यांच्यासमोर मी पुस्तकातली मराठी बोलायला गेले आणि अडखळले. त्या म्हणाल्या, "मालवणीत सांगा. माका समाजता." मग मी सगळं सांगितलं. प्रसादसुद्धा.

त्यांनी विचारलं, काम कधी संपलं? पुढे काही झालं तर मी भरून देईन असं कधी लिहून दिलंय का? लोकांना ताबा कधी मिळाला?

काम संपून सात-आठ वर्षं झाली होती. लिहून काहीच दिलेलं नव्हतं. सगळं तोंडी.

वकीलबाई म्हणाल्या, "कामात दोष निघाला तर ठेकेदारावर दावा करायला मुदत असते. साधारण तीन वर्षं. तुमच्या बाबतीत ती कधीच उलटून गेली आहे. कोर्टात कोण काय मुद्दा काढेल ते आज सांगता येत नाही, पण बाजू तुमची भक्कम आहे. त्याला तुमच्याकडून कायद्याने वसूल करता आलं असतं, तर तुमच्या सहीसाठी घरापर्यंत माणूस पाठवला असता का? त्याच्याकडे दावा उरलेला नाही. तुमच्या सहीने तो नव्याने तयार होणार आहे."

म्हणजे जप्तीची धमकी फुसकी होती. माझा जीव फक्त माझ्याच हातून जाणार होता.

पण मला आनंद झाला नाही. उलट राग आला. मी विचारलं, "म्हणजे माझी चूक असली तरी मी सुटलंय? मुदत गेली म्हणान?"

"चूक होती की नव्हती ते विचारायची एक वेळ असते. तेव्हा त्याने विचारलं असतं तर माल तपासता आला असता, माणसं बोलली असती, तुम्हाला तुमची बाजू मांडता आली असती. आता त्यातलं काय शिल्लक आहे? माणसाच्या मानेवर जन्मभर टांगती तलवार नको, म्हणून कायद्याने मुदत घातली आहे."

जन्मभर. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. आमच्या मानेवर ती जन्माच्या आधीपासून असते. आमच्यावरच्या आळाला मुदत असते, हे माझ्या आख्ख्या घराण्यात पहिल्यांदा मी ऐकत होते.

उठताना वकीलबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या फ्लॅटवाल्यांचा बिल्डरवर दावा वेगळा. त्यांना ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं. ती संपत आलीत.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थोडा धीर धरा, असं तो त्यांना सांगत होता. ते मला हसत होते आणि तिकडे त्यांचीच मुदत सरत होती.

पुढची मीटिंग कधी आहे ते मी वॉचमनला फोन करून विचारलं. यावेळी मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेले. एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसले.

शेट दचकला. मग हसून म्हणाला, "सही करून हाडलंस?"

"सही करूचंय नाय."

"काय?"

"सही करूचंय नाय. तुमचो माझ्यावर काय दावो आसात तर कोर्टात घाला. मी येतलंय. हयसर माका उभी करून तमाशो करूचो नाय."

"तुका ह्यां कोणी शिकवला?"

"तुमीच. माझी सही मागलास तेवाच."

मग मी उठले आणि फ्लॅटवाल्यांना सांगितलं. त्यांच्याशीही मालवणीतच बोलले. कुणाला समजलं नसेल तर समजून घेऊ दे. म्हटलं, तुमचा दावा ह्यांच्यावर आहे, माझ्यावर नाही. आणि तुमची मुदत संपायला आली आहे. ती संपेपर्यंत ते तुम्हाला माझं तोंड दाखवत बसणार आहेत.

कोणीतरी विचारलं, "आपला ताबा कधीचा?" कोणीतरी हिशेब केला. इतका वेळ माझ्याकडे बघणारी तोंडं एकेक करून शेटकडे वळली. मी ते डोळे भरून बघितलं. खोटं कशाला बोलू?

फ्लॅटवाल्यांनी मुदतीच्या आत तक्रार केली. शेटला दुरुस्ती करून द्यावी लागली. तो माझ्या वाटेला परत आला नाही. पण मालवणात मला काम मिळेनासं झालं. "ती बाई कोर्टाची भाषा करता," असं सगळीकडे पसरलं. टोळीतल्या चौघी सोडून गेल्या. उरलेल्या आम्ही रेडीला, इन्सुलीला, मिळेल तिथे जातो.

एक गोष्ट राहिली होती. बौद्धवाडी. रक्तात असतं ते. चारचौघांत जातीवरून असं बोलणं हा गुन्हा आहे, हेही वकीलबाईंनी सांगितलं होतं. मी त्या शिक्षिकाबाईंकडे गेले. त्या सगळ्यात जवळ बसल्या होत्या, त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता. हात आता बरा झाला होता. त्यांनी चहा दिला. मी विचारलं, साक्ष द्याल?

त्या म्हणाल्या, "तुमच्यामुळे आमचं काम झालं हो. पण आता सगळं मिटलंय. परत कशाला वाढवायचं?"

त्यांचं मिटलं होतं.

मी चहा अर्धा ठेवून उठले आणि पोलीस स्टेशनला गेले. हवालदार म्हणाला, साहेब नाहीत. परत गेले, म्हणाला, लेखी आणा. लेखी नेलं, म्हणाला, "साक्षीदार कोण? इतक्या दिसांनी कित्याक उकरून काढतास? सोडून दी."

मी बाकावर बसले.

"साक्षीदार मी आसंय," म्हटलं. "माझा ऐकून लिवन घेवा. लिवन घेतल्याशिवाय मी हयसून उठूचंय नाय."