यवतमाळची मशिनरीवाली ताई

धामणगाव स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्याजवळ एक सॅक, एक गिटार आणि पाठ केलेली चौदा व्याख्यानं होती. वसईत कॉलेज संपवून मी वर्षभरासाठी कॅम्पस मिशनरी म्हणून निघाले होते. कॉलेजात शिकणाऱ्या कॅथलिक मुलामुलींना भेटायचं, त्यांच्याबरोबर प्रार्थना करायची आणि त्यांच्या अडचणीत सोबत राहायचं, असं ते काम. शेवटच्या भागाची मी तयारी केली नव्हती, कारण त्यावर व्याख्यान करता येत नव्हतं.

यवतमाळच्या एसटीत बाभुळगावला एक मावशी चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. गाव, जात, लग्न हे सगळं विचारून झाल्यावर त्या कामावर आल्या. मिशनरी आहे, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"मशिनरीच्या कामाले आली का? मंग आमचा फवाऱ्याचा पंप पाहून देशीन का?"

मी दोन शब्दांतला फरक समजवायला घेतला आणि थेट बायबलपासून सुरुवात केली. मावशी पाचव्या मिनिटाला झोपल्या. उतरताना मात्र त्यांनी माझ्या ओंजळीत फुटाणे ओतले आणि प्रवासात इतकं बोलू नये, घसा सुकतो, असं प्रेमानं सांगितलं. तेव्हा मला ते घशाबद्दलच वाटलं.

यवतमाळच्या फादरांनी चर्चमागची एक खोली मीटिंगसाठी दिली आणि विद्यार्थ्यांची यादी हातात ठेवली. मी तीस नावं धरून आले होते. यादीत तीन होती आणि त्यातले दोघे सुट्टीवर गेलेले.

दुपारी मेसमध्ये लालभडक तर्रीचा रस्सा वाढला. त्यात चौकोनी तुकडे होते. वसईची जीभ माझी; मासा समजून मी काटे शोधत बसले. ती बेसनाची पातोडी निघाली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटानं की मासा नसल्याच्या दुःखानं, हे अजून ठरलेलं नाही.

पहिल्या रविवारी यादीतली तिसरी मुलगी आली. सुनीता झारखंडहून नर्सिंग शिकायला आली होती. हिंदी बोलायची, तेही अगदी हळू. तिच्याबरोबर तिची रूममेट ज्योती होती, उमरखेडकडची. ज्योतीनं दारातच स्पष्ट केलं, "आमच्या घरी बुद्धवंदना होते, ताई. मी सुनीतासोबत बसाले आली. मले बदलवाच्या मागे लागू नका."

मी हो म्हटलं आणि 'ध्येय' या विषयावर पन्नास मिनिटं बोलले. काही प्रश्न आहेत का, असं शेवटी विचारलं, तेव्हा ज्योतीनं हात वर केला.

"तुम्ही पुस्तकावानी काहून (का) बोलता?"

पुढचे चार-पाच महिने असेच गेले. सुनीता दर रविवारी यायची आणि एक शब्द बोलायची नाही. ती मन लावून ऐकते, असं मी फादरांना अभिमानानं सांगायची.

डिसेंबरात तिची परीक्षा आली. केळापूरजवळच्या एका गावात जाऊन हात धुण्यावर बायकांपुढे बोलायचं आणि कॉलेजच्या मॅडमनी ते पाहून पास-नापास ठरवायचं. मराठी येत नाही म्हणून ती आधी एकदा नापास झाली होती. मी लगेच तिला भाषण लिहून दिलं, तीन दिवस घोकून घेतलं आणि धीर द्यायला म्हणून सोबतही निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि कमरेला ओटीच्या झोळ्या बांधलेल्या बायका वाकून तो वेचत होत्या. सुनीता खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती. मी तिच्याकडून तिसरा परिच्छेद म्हणून घेत होते.

अंगणवाडीच्या ओसरीवर पंधराएक बायका जमल्या. खांबाला हात धुण्याच्या पायऱ्यांचा तक्ता बांधला. सुनीतानं सुरुवात केली, "आदरणीय मातांनो आणि भगिनींनो, स्वच्छता हा सुदृढ जीवनाचा पाया होय." एका बाईनं शेजारणीला हळूच विचारलं, ही कोन्या पार्टीची व्हय? तिसऱ्या वाक्याला सुनीता अडकली. तिला सावरायला मी घाईनं उठले, माझा खांदा तक्त्याला लागला, तक्ता खाली आला आणि ओसरीखाली बांधलेल्या शेळीनं तो पकडला. आम्ही ओढेपर्यंत पाचव्या पायरीपासून पुढचं सगळं तिच्या पोटात होतं.

बायका पोट धरून हसत होत्या. मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. मग सुनीता अचानक पुढच्या म्हातारीजवळ जाऊन खाली बसली आणि ज्योतीनं होस्टेलवर शिकवलेल्या वऱ्हाडीत म्हणाली, "माय, हात दुखून राह्यले का?" (दुखताहेत का?)

"दुखते ना वं बाई. कापूस येचून येचून बोटं फाटले."

सुनीतानं तिचा हात हातात घेऊन एकेक भेग पाहिली. साबण मागितला आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या वऱ्हाडीत बोलत तिची बोटं धुऊ लागली. दुसरी बाई सरकली, मग तिसरी. माझ्याकडे न बघता सुनीतानं मला पाणी ओतायला सांगितलं. मी तांब्या घेतला. मध्येच जंतूंविषयी चार शब्द सांगावेत म्हणून मी तोंड उघडलं.

म्हातारी म्हणाली, "तू पानी टाक."

तासभर मी पाणी टाकलं. सुनीता पास झाली.

परतीच्या बसमध्ये तिनं सांगितलं, की पंधरा दिवसांपासून तिची बॅग भरलेली होती. ही परीक्षा झाली की कोर्स सोडून ती घरी जाणार होती. ते माझ्या मनाला लागलं. इतके महिने दर रविवारी समोर बसतेस, मग मला का नाही बोललीस, असं मी विचारलं.

ती जराही न रागावता म्हणाली, "ताई, आप बोल रहे थे."



पुढच्या रविवारी मी फक्त आठवडा कसा गेला एवढं विचारलं आणि गप्प बसले. पहिली पाच मिनिटं फार वाईट गेली. मी जीभ दातांत धरून बसले होते. सहाव्या मिनिटाला सुनीता बोलू लागली. तिला घरची आठवण येत होती, वॉर्डातल्या पेशंटांची भीती वाटत होती, आणि प्रार्थनेत शब्दच सुचत नाहीत म्हणून लाज वाटत होती. मलाही पुष्कळदा सुचत नाहीत, हे मी तिला सांगितलं. त्या वर्षातलं माझं ते पहिलं खरं वाक्य असावं. मग आम्ही दोघींनी न बोलता प्रार्थना केली. ज्योती शेजारी डोळे मिटून बसली होती. ती काय करत होती, ते मी विचारलं नाही. सुनीतानं बॅग रिकामी केली. ईस्टरपर्यंत त्या खोलीत सहा जण यायला लागले.

मे महिन्यात मी वसईला परतले. आमच्या चर्चच्या युवक मंडळानं माझे वर्षाचे अनुभव ऐकायला तासाभराचा कार्यक्रम ठेवला. माझे दहा मिनिटांत संपले. आमचे फादर घड्याळाकडे बघू लागले, कारण चहा अजून उकळत होता. मग मी समोरच्यांना विचारलं, तुमचं हे वर्ष कसं गेलं? खोलीत शांतता पसरली आणि ती लांबत गेली. फादरांनी खाकरून काहीतरी सुरू करायचा प्रयत्न केला, तेव्हा मी त्यांना हातानं थांबवलं. आमच्या गल्लीतली, लहानपणापासून मी पाहत आलेली एक मुलगी शेवटच्या बाकावर बसली होती. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.