तिसऱ्या दिवसाच्या मावशी

आमच्या शाळेत सहावी, सातवी, आठवी असे तीनच वर्ग, प्रत्येकाच्या तीन तुकड्या. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरून गोदामांच्या मागे गेलं की शाळा लागते, आणि शाळेच्या मागे वस्ती. मुलं सगळी तिथलीच. आईबाप पहाटे कामाला जातात, त्यामुळे मूल शाळेत गेलं की नाही हे घराला पुष्कळदा कळतच नाही. ते कळवण्याचं काम कोणाकडे सोपवलेलं नव्हतं. मावशींनी ते आपणहून घेतलं.

मावशी शाळेत शिपाई. दुसऱ्या तासाला नऊ वर्गांत फिरून गैरहजर मुलांच्या चिठ्ठ्या गोळा करायच्या आणि ऑफिसात माझ्याकडे, म्हणजे कारकुनाकडे, आणून द्यायच्या, एवढंच खरं त्यांचं काम. पण मूल सलग तीन दिवस आलं नाही की शाळा सुटल्यावर मावशी वाट वाकडी करून त्याच्या घरी जात. मूल का येत नाही, असं कधी विचारत नसत. प्यायला पाणी मागत आणि बसत. "विचारलं की माणसं उत्तर देतात, भाऊसाहेब. बसलं की खरं बोलतात," असं त्यांचं म्हणणं. मुलंही एकमेकांना बजावत, दोन दिवसांच्या वर बुडवू नकोस, मावशी पाणी प्यायला येतील.

या वर्षी मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर रजेवर होत्या. त्या रजेवर गेल्या आणि लगेच सातवी ‘ब’मधली एक मुलगी यायची बंद झाली. गणिताच्या सरांनी तिचं नाव ‘घाई’ ठेवलं होतं, कारण उदाहरण फळ्यावर लिहून होण्याआधी तिचं उत्तर तयार असे. मावशी परत आल्या तोवर तीस दिवस भरले होते. तीस दिवसांनंतर पटावरून नाव कमी करायचं, पण त्याआधी घरी जाऊन यायचं, असा नियम. त्यासाठी शिक्षण खात्याकडून नवा छापील फॉर्म आला होता. दोघांनी जायचं, गळ्यात ओळखपत्र घालायचं, दोघांनी सह्या करायच्या. अशी चार नावं होती. सोमवारी दुपारी मी आणि मावशी निघालो.

घाईच्या घराचं दार बंद होतं. शेजारच्या उंबऱ्यावर एक म्हातारी डाळ निवडत बसली होती. फॉर्ममधले प्रश्न क्रमाने विचारायचे असल्यामुळे बोललो मीच. म्हातारीने माझ्याकडे, ओळखपत्राकडे, हातातल्या पॅडकडे पाहिलं आणि ती माणसं केव्हाच सोडून गेली म्हणून सांगितलं. मावशी म्हणाल्या, दार वाजवून बघते. मी म्हटलं, अजून तीन घरं आहेत. ‘माहिती कोणी दिली’ या रकान्यात मी ‘शेजारी’ असं लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. चारही ठिकाणी असंच झालं आणि दुसऱ्या दिवशी चारही नावं कमी झाली. शुक्रवारी पाचच्या आत यादी खात्याकडे जायची होती. ती गेली की घाईचं वर्ष गेलं.

गुरुवारी मावशी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सोडून गेलेल्या माणसांचे कपडे दोरीवर ओले कसे, भाऊसाहेब?"

मी विचारलं, कसले कपडे. सोमवारी घाईच्या दारावरच्या दोरीवर दोन वर्षांच्या मुलाची चड्डी आणि झबली वाळत होती, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, शेजारणीची असतील.

"त्या म्हातारीला या वयात बाळंत केलंत तुम्ही."

त्या संध्याकाळी मावशी एकट्याच गेल्या. पाणी घाईनेच आणून दिलं. आईची कामाची पाळी बदलून सकाळची झाली होती, धाकट्या भावाला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. सोमवारी ती घरातच होती. परक्या पुरुषाचा आवाज ऐकून तिने भावाच्या तोंडावर हात धरला होता. मागे एकदा असेच कागदवाले येऊन घरं मोजून गेले आणि त्यानंतर अर्धी गल्ली उठवली गेली. तेव्हापासून कागद घेऊन येणाऱ्याला शेजाऱ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हा गल्लीचा नियम. म्हातारीने तो पाळला होता. नाव कमी झाल्याचं ऐकून घाईची आई भिंतीला टेकून खाली बसली.

मावशी उठून शेजारी गेल्या.

"आजी, तुमच्या एका शब्दावर पोरीचं नाव गेलं. मी माझी सही मागे घेते. तुम्ही उद्यापासून या पोराला अकरा ते पाच सांभाळा."

म्हातारी म्हणाली, माझे गुडघे गेलेत, ते पोर उंदरासारखं पळतं.

"दार लावून बसा. ते या गल्लीत सगळ्यांना छान जमतं."

शुक्रवारी सकाळी आम्ही मोठ्या बाईंसमोर, म्हणजे मुख्याध्यापिकांसमोर उभे होतो. अहवाल दुरुस्त करता येत होता, पण कारण द्यावं लागणार होतं आणि मुलगी त्या दिवशी वर्गात हजर हवी होती. मी ‘लेखनातील चूक’ असं लिहिणार होतो. असल्या चुकीला कोणी काही विचारत नाही. मावशींनी मला थांबवलं.

"लिहिलंत तुम्ही मोत्यासारखं. दार न वाजवता लिहिलं, ते लिहा."

मोठ्या बाई म्हणाल्या, असं लिहिलंत तर दोघांना मेमो येईल. मावशी म्हणाल्या, येऊ दे. लेखनातली चूक म्हटलं तर पुढच्या महिन्यात परत असंच फिरायला लावतील. मी लिहिलं. आधी त्यांनी सही केली, मग मी.

अकराला घंटा झाली. पहिला तास संपला तरी घाई आली नव्हती. मावशी चिठ्ठ्या घ्यायला गेल्या आणि सातवी ‘ब’च्या दारातच उभ्या राहिल्या. सरांनी हजेरीपटावर पेन उघडं धरून ठेवलं होतं. बारा वाजायला दहा मिनिटं असताना ती आली. भाऊ ओढणी सोडत नव्हता, म्हणून ओढणी त्याच्याकडेच ठेवून आली होती. सरांनी तिच्या नावापुढे हजेरी मांडली आणि उदाहरण पुढे सुरू केलं.

तीन वाजता मी यादी नव्याने लिहून काढली. त्यात आता तीन नावं होती. पाकिटात घालण्याआधी ती मावशींना दाखवली. त्यांनी एकेका नावावर बोट ठेवलं.

"या तिघांची दारं वाजवली होती का आपण?"

वाजवली नव्हती. पाचला अजून दोन तास होते. मी ओळखपत्र आणि पॅड टेबलावर ठेवलं, ऑफिसला कुलूप लावलं आणि मावशींच्या मागोमाग निघालो. फाटकापाशी त्या मागे वळून म्हणाल्या, "आज तुम्ही बोलू नका."

मी मान हलवली.