मोरा जेटीवरचं हसू

कॅमेऱ्याची जुनी बॅग उघडली की अजून सुक्या बोंबलांचा वास येतो. पनवेलच्या दुकानात नवा कॅमेरा घेतल्यावर माझ्या बजेटात एकच छोटी लेन्स बसली. मावसभावाने मात्र त्याच दुकानातून हातभर लांब लेन्स उचलली. मग आम्ही मोरा जेटीवर गेलो. बोंबील वाळत घालणाऱ्या कोळीणमावशींसमोर मी उकिडवा बसलो, तोच त्या माझ्या डोक्यावरून मागे उभ्या मावसभावाकडे बघत ओरडल्या, "ए दादा, तुज्या मोठ्या कॅमेऱ्यानं काढ ना माजा फोटो, याचा बारका हाय!" आणि लाजून हसल्या. मी जळफळत बटण दाबलं. तो फोटो आज माझ्या हॉलमध्ये लावलाय. पाहुणे म्हणतात, "किती मोकळं हसल्यात!" त्या कोणाकडे बघून हसल्यात, हे मात्र मी कुणालाच सांगत नाही.