बॅटरीला ऊब कोण देते?

मेश्राम बाई समजल्याशिवाय मान हलवत नसत. समोर मुख्याध्यापक असोत की भाजीवाला, त्या हात वर करून त्याला थांबवत. "मले समजून नाही राहिलं. पुन्हा सांगा."

बाई नागपुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या रविवार पुरवणीत सदर लिहीत. मी तेव्हा पुरवणीचा उपसंपादक होतो. बाईंचे माहेर नरखेडकडचे. हिवाळ्यात संत्र्याच्या बागेच्या राखणीला जाताना त्यांचे वडील टॉर्चचे सेल बंडीच्या खिशात, अंगाशी ठेवत. गार सेलवर उजेड मंद पडतो, हे बाईंनी तिथे पाहिले होते. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत गेला की त्याची बॅटरी गारठत कशी नाही, हा लेख त्यातूनच निघाला. त्यांना सापडलेले उत्तर असे: बॅटरी चकचकीत वेष्टनात गुंडाळतात आणि तिच्या शेजारी छोटा हीटर बसवतात. सावलीत तो हीटर त्याच बॅटरीवर चालतो.

आमचे संपादक बापूसाहेब त्या वाक्यावर थांबले. "बाई, ज्याले थंडी वाजून राहिली, तो स्वतःलेच कसा शेकेल?"

"मी पण तिथंच अडली, बापूसाहेब."

"मग लिहा, शास्त्रज्ञांनी खास व्यवस्था केली आहे. तुमचं वाचून डोकं जास्तच फिरते, असं वाचक म्हणून राहिले. हा लेख नाही जमला, तर सदर बंद."

"खास व्यवस्था म्हणजे काय? पोरी विचारतील, तेव्हा तुम्ही येता का वर्गात?"

त्या रविवारी सदराच्या जागी साड्यांची जाहिरात गेली.

मंगळवारी बाई थर्मास घेऊन आल्या. एक कप चहा ओतून त्यांनी टेबलावर ठेवला आणि तो गार होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलत बसल्या. मग थर्मासमधला वाफाळता चहा बापूसाहेबांना दिला. "थर्मासच्या दोन भिंतींच्या मधात हवा नाही, तशीच वर अंतराळातही नाही, म्हणजे ऊब पळवून न्यायले कोणी नाही. जाते ते हळूहळू. जेवढी गेली, तेवढीच हीटरनं भरायची. ऊन आलं की बॅटरी पुन्हा भरते."

"आता समजलं," बापूसाहेब म्हणाले.

"मले नाही समजलं. एकदा पूर्णच गार पडली, तर हीटर कशावर चालेल? तिले उठवेल कोण?"

लेखाचे शेवटचे वाक्य होते, 'मग काय होते, मला माहीत नाही.' बापूसाहेबांनी ते खोडले. बाईंनी खाली पुन्हा लिहिले.

"पेपरात 'माहीत नाही' नाही छापत, बाई."

"काहून? खरं आहे ना ते?"

लेख छापला गेला नाही. सदर बंद झाले. बाई थर्मास घेऊन सीताबर्डीकडे चालत गेल्या. त्या नाराज दिसत नव्हत्या, गोंधळलेल्या दिसत होत्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मी पुरवणीचा संपादक असताना, उपग्रहांतल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांवरचा मजकूर आला. बाई त्याआधीच्या हिवाळ्यात वारल्या होत्या. मजकुरात लिहिले होते: कडक थंडीत बॅटरीतले द्रावण घट्ट होते, आतले विद्युतभारित कण संथ होतात. म्हणून सहज न गोठणारे द्रावण वापरतात. वेष्टन आणि हीटर होतेच. तरीही बॅटरी पूर्ण गार पडली, तर? पुढची ओळ होती, 'त्यासाठी शास्त्रज्ञांनी खास व्यवस्था केली आहे.'

मी ती खोडली.

"इथं काय टाकायचं?" पान लावणाऱ्या सहकाऱ्याने विचारले.

"माहीत नाही."

त्याने पानावरच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवले.

"तेच टाका," मी म्हणालो.