बेचाळीसची पुरवणी

हिंगणघाटच्या आमच्या छोट्या दैनिकात माणसं मोजकीच. बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, पण ती छापताना जे घडतं ते चहाबरोबर वर्षानुवर्षं फिरत राहतं. बेचाळीसच्या पुरवणीचे किस्से मात्र आम्ही जरा दबक्या आवाजात सांगतो.

*

ही पुरवणी दर ऑगस्टला निघते. माझी पहिलीच वेळ होती. आष्टीकडच्या एका गावात चळवळीतल्या लोकांनी ठाण्यावर चाल केली आणि त्यात एक शिपाई मेला, तो मजकूर माझ्याकडे आला. मी सरळ हेडिंग दिलं, 'जमावाने शिपायाला ठार केले'.

सकाळी ऑफिस उघडलं तर दारात ही गर्दी. कोणी ओरडत नव्हतं, त्याचीच जास्त भीती वाटली. पुढे उभा असलेला म्हातारा शांतपणे म्हणाला, "जमाव कोनाले म्हनून राह्यला, बापू? माह्या बापाले?"

आमच्या संपादकांनी सगळ्यांना आत बसवलं, चहा पाजला, दिलगिरी छापायचं कबूल केलं. मंडळी गेल्यावर मला म्हणाले, यापुढे 'ठार केले' लिहायचं नाही. मी विचारलं, मग शिपायाचं काय लिहू?

"शिपाई लिहायचाच नाई."

*

पुढच्या वर्षी शिपाई गाळला. पुरवणीभर क्रांतिवीरच. दुपारी वडनेरहून एका शिक्षिकेचा फोन आला. तो शिपाई त्यांचा आजा. आता या 'काऊन गाळला' म्हणून विचारणार, या धास्तीनं मी मनात उत्तरं जुळवू लागलो.

पण बाई म्हणाल्या, गाळलं ते बरंच केलं. आदल्या वर्षीचं हेडिंग आणि खालच्या मजकुरातलं इंग्रजांच्या त्या शिपायाचं नाव त्यांच्या शाळेत कोणीतरी परिपाठाला मोठ्यानं वाचलं होतं. तेव्हापासून नवीन माणसाला आडनाव सांगायचं म्हटलं की त्यांची जीभ अडते.

फोन ठेवता ठेवता थांबल्या. "तो मेला तवा माही आजी पोटुशी होती, सर. छापू नका. तुमाले फक्त सांगून ठेवलं."

*

आणि हा अनुसयाबाईंचा. त्यांच्या मुलाखतीला मी गेलतो. त्यांचे सासरे त्या चालीत होते. नंतर ते बहिणीच्या शेतात लपले. बहीण रोज भाकर पोचवायची. मग गावात पेपर आला. त्यात त्यांना नाव घेऊन 'खुनी गुंड' म्हटलं होतं. चावडीवर कोणीतरी तो वाचून दाखवला, सगळ्या गावानं ऐकला. दुसऱ्या दिवशी भाकर आली नाही. बहीण रिकाम्या हातानं आली आणि म्हणाली, इथून जा.

ते पकडले गेले, तुरुंगात राहिले. स्वातंत्र्यानंतर त्याच पेपरात त्यांचा हार घातलेला फोटो आला, खाली 'वीर' असं छापलं होतं. तीच बहीण ओवाळायला ताट घेऊन आली.

मी म्हटलं, सासऱ्यांना बरं वाटलं असेल. अनुसयाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. सासरे मरेपर्यंत पेपरला भ्यायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. सकाळी पेपर पडला की दाराआड उभे राहायचे. सुनेचं शेवटचं पान वाचून होईपर्यंत बाहेर यायचे नाहीत. आणि तिथूनच रोज विचारायचे,

"सूनबाई, आज मी कोन आहो?"