आभाचं सीए टू

लोहाऱ्याच्या वसाहतीतला पहिला सीए आपल्याच घरातून निघणार, हे कमलाकररावांनी इतक्यांदा सांगून ठेवलं होतं की दूधवालाही त्यांच्या सलीलला ‘सीएसाहेब’ म्हणायचा. सलील वर्षानुवर्षं पुस्तकात डोकं खुपसून. निकाल मात्र काही केल्या घरी येईना.

त्या सकाळी कुंपणापलीकडून शेजारच्या अवधूतरावांचा आवाज आला. त्यांची डॉक्टर झालेली आभा नागपुराहून सुटीवर आली होती.

“आभाचं सीए टू चालू आहे आता,” ते भाजीवालीला सांगत होते. “सीए वन मागेच झालं.”

कमलाकररावांनी चहाचा कप खाली आदळला. डॉक्टरीण तर होतीच, वरून सीएही!

“ऐकलं काय, कुंदा? एका घरानं किती गिळावं!”

“तुमच्या पोटात कायले दुखून राह्यलं?” कुंदाताई म्हणाल्या.

दुपारपर्यंत कमलाकररावांनी अवधूतरावांच्या जास्वंदीलासुद्धा नावं ठेवली. मग राहवेना, तेव्हा वाटी घेऊन साखर मागायला गेले. मधुमेहाचा माणूस!

“काय गं आभा, सीए टू लय कठीण असते म्हणे?”

“हो न काका. इतकुसा भाग, लवकर सापडतच नाही.”

“भाग? पेपर म्हण.”

आभाला आधी कळेना, मग हसू आवरेना. “काका, ते सीए नाही हो! माझं संशोधन मेंदूवर आहे. त्यात आठवणींची एक जागा आहे, मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली. इजिप्तच्या अमोन देवाला मेंढ्याची शिंगं होती, म्हणून लॅटिनमध्ये तिला म्हणतात ‘कॉर्नू अमोनिस’, अमोनचं शिंग. त्याचंच सीए. त्याचे भाग पाडले, वन, टू, थ्री. टू सगळ्यांत चिमुकला. तो बंद पाडला तर उंदीर ओळखीच्या उंदराला ओळखत नाही.”

कमलाकरराव तरंगतच घरी आले. साखर तिकडेच राहिली.

“कुंदा, शिंग आहे, शिंग! मेंढ्याचं! पहिला सीए आपलाच!”

सलीलनं पुस्तक मिटलं. “बाबा, मी यंदा परीक्षेले बसलोच नाही. मले नाही व्हायचं सीए.”

संध्याकाळी अवधूतराव फाटकात उभे. “काय कमलाकरराव, सलीलचं काय म्हणते?”

कमलाकरराव जन्मात पाहिलं नसल्यासारखे समोरून निघून गेले.

“बाबा,” मागून आभा म्हणाली, “काकांचं सीए टू बंद पडलं वाटते.”

बापलेक खळखळून हसले. त्या घराला हसायलाही इतकं सहज जमतं, हेच कमलाकररावांना त्या दिवशी सगळ्यांत जास्त लागलं.