तिच्या आकड्यावर निघालेला साचा

‘मनं चुकनं!’ असं ती भर वर्कशॉपमध्ये ओरडायची. माझं चुकलं. तेही परीक्षेत पहिली आल्यासारखं.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, चुकल्यावर हसणारी. मला ती लांबूनही सोसत नाहीत आणि ही तर शेजारच्याच खुर्चीत बसायची. जळगावच्या एमआयडीसीत साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही दोघी एकाच दिवशी शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागलो. ती दोंडाईच्याची, मराठी शाळेतली. मी इथलीच, इंग्रजी शाळेतली. तिथे उत्तर नक्की माहीत असेल तरच हात वर करायचा, एवढं मी पक्कं शिकले होते.

आमचं काम मशीनची ओरड थांबवण्याचं. लांब कटर स्टीलमध्ये झेपेल त्याहून खोल घातला की थरथरतो, मशीन किंचाळतं आणि कापलेल्या भिंतीवर बारीक लाटा उठतात. म्हणून आधी बंद मशीनच्या कटरला सेन्सर चिकटवून छोट्या हातोडीने ठोकायचं. त्या कंपनांवरून कॉम्प्युटर आलेख काढतो, कुठल्या वेगाला किती खोल कापलं तर चालेल याचा. पण थांबलेलं मशीन आणि फिरणारं मशीन सारखं वागत नाही. मग उताराच्या ठोकळ्यावर कापून पाहायचं. कटर सरळ जातो, ठोकळा चढत जातो, काप खोल होत जातो. ओरड सुरू होईल तिथे खूण करायची आणि आलेख त्या खुणेशी जुळवून घ्यायचा.

‘ठोकी ठोकी काय समजस व तुले?’ मशीनवरचे नाना तिला विचारायचे.

‘तिना सभाव समजस, नाना.’

‘मंग नवरा बी ठोकीसन बघजो.’

दोघं हसत सुटायचे. मला नाना फक्त ‘मॅडम, झालं का?’ एवढंच विचारायचे. दुपारी ती नानांच्या डब्यातली कळण्याची भाकरी मोडून खायची. मी आमच्या टेबलावर सँडविच खात ते हसणं ऐकायचे.

एक दिवस साहेबांनी दोघींना बोलावलं. ‘कायमची जागा एकच मंजूर झालीय. ठिबक सिंचनाच्या साच्याचं काम येतंय, त्यात कापायचा खिसा खोल आहे, लांब कटर लागेल. कोणाचा आलेख चालतो ते बघून ठरवू.’

ती जागा मला हवी होती. बाबा पुण्याला पाठवणार नव्हते. ही जागा गेली की घरी स्थळं बघणं सुरू होणार, हे कुणी न सांगताही कळत होतं.

माझा आलेख सुंदर होता. पहिल्याच ठोकळ्यावर, आलेखाने शांतता सांगितली होती नेमकं तिथेच, मशीन किंचाळलं. अख्खं वर्कशॉप वळून बघू लागलं. ‘तपासून येते,’ म्हणत मी लॅपटॉप उचलला आणि केबिनमध्ये जाऊन बसले.

तिचाही चुकला. काचेतून दिसत होतं. दोन्ही हात वर करून तिने आपलं ते वाक्य ओरडलं, खूण केली, आकडा बदलला, पुन्हा कापलं. पुन्हा चुकलं. आता नाना वाकून बोट दाखवत होते. शेजारच्या मशीनवरचे दोघे येऊन उभे राहिले. मशीन कुठे ओरडेल यावर चहाची पैज लागली. थांबलेल्या मशीनचाच आकडा मी तसा ठेवला होता, हे मला सापडलं तेव्हा बाहेर ठोकळा शेवटपर्यंत शांत कापला जात होता.

ती दारात आली. ‘ये ना बाहेर. तुझापण आलेख लावून बघू. माझ्या खुणा घे हव्या तर.’

‘नको. माझं होतंय.’

ती हे मनापासून म्हणाली होती, वाईट ते हेच. कपटी असती तर मला सोपं गेलं असतं.

साचा तिच्या आकड्यावर निघाला. जागा तिला मिळाली. पुढे वर्षाच्या आत तिला धुळ्यात याहून मोठी नोकरी लागली आणि ती पेढे वाटून गेली. मग ती जागा मला मिळाली. मिळाली म्हणजे उरली.

परवा तो साचा साफसफाईसाठी परत आला. सगळे जेवायला गेल्यावर मी मोबाईलचा उजेड पाडून साच्याच्या खिशात हात घातला आणि भिंतीवरून नख फिरवलं, वरपासून तळापर्यंत, चारही बाजूंनी. एक तरी लाट सापडावी म्हणून. नख कुठेच अडेना. मी हात बाहेर काढला, पुसला आणि पुन्हा आत घातला.